मेडिक्लेमचा कागद आणि रिटर्नचा रकाना

आर्थिक वर्ष संपलं की विमा कंपनीकडून ईमेलवर एक पीडीएफ येते, नाहीतर कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन ती उतरवून घ्यावी लागते. एकच पान. वर पॉलिसीधारकाचं नाव, मग पॉलिसी क्रमांक, विम्याचा कालावधी, विमा उतरवलेल्या माणसांची यादी, हप्ता भरल्याची तारीख आणि ठळक अक्षरांत एक रक्कम. तळाशी बारीक टायपात एक वाक्य असतं: ही रक्कम प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०डी मधल्या तरतुदींना अधीन राहून वजावटीस पात्र आहे. घरोघरी या कागदाला ‘८०डीचं सर्टिफिकेट’ म्हणतात. जुलैत रिटर्न भरताना बहुतेक जण ती ठळक रक्कम उचलून रकान्यात टाकतात आणि पुढे सरकतात.

खरं महत्त्वाचं आहे ते तळाचं बारीक वाक्य. तुमच्याकडून किती पैसे आले एवढंच कंपनीला ठाऊक असतं. त्यातले किती तुमच्या रिटर्नमध्ये चालतील, हे ठरवायला विमा कोणाचा, पैसे कोणी दिले, कसे दिले आणि किती वर्षांचे दिले हे बघावं लागतं. यातलं निम्मं कंपनीला माहीतच नसतं. म्हणून सर्टिफिकेट हा पुरावा आहे, हिशेब नाही. हिशेब आपला आपण करायचा आणि तो कसा करायचा यासाठीच हे प्रकरण आहे. इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

पण त्याआधी एक प्रश्न, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचा हिशेब करायची गरजच उरत नाही. तुम्ही जुन्या करप्रणालीत आहात का? २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच आपोआप लागू होणारी प्रणाली झाली आहे आणि तिच्यात ८०डी नाही. सर्टिफिकेट कितीही रकमेचं असलं तरी तिथे त्याचा उपयोग शून्य. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने पावणेतेरा लाखांपर्यंतचा पगार करमुक्त राहतो. एवढ्या पगाराच्या माणसाने मेडिक्लेमच्या कागदासाठी जुनी प्रणाली धरून बसणं म्हणजे निव्वळ नुकसान.

याच्या वरच्या पगारातही घाई करू नका. समजा, पगार १५ लाख आहे. नव्या प्रणालीत उपकर धरून कर होतो ९७,५०० रुपये. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सी चे पूर्ण दीड लाख, आणि स्वतःचा व ज्येष्ठ आईवडिलांचा मिळून ८०डी चे ७५ हजार घेतले तरी कर होतो १,८७,२०० रुपये. जवळपास दुप्पट. दोन्ही प्रणाली समपातळीवर यायला या पगाराला सगळ्या वजावटी मिळून सहा लाखांच्या आसपास जाव्या लागतात. मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्याचा घरभाडे भत्ता मोठा असेल किंवा गृहकर्जाचं व्याज चालू असेल, तरच ते जमतं. थोडक्यात, ८०डी एकट्याच्या बळावर कोणालाही जुन्या प्रणालीत ठेवू शकत नाही. दुसऱ्या मोठ्या वजावटी असतील तर ती त्यांच्या जोडीला येते. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर दोन्ही प्रणालींचा कर शेजारीशेजारी मांडून दाखवणारं गणकयंत्र आहे. आधी तिथे आकडे टाकून बघा.

ऑफिसने वर्षभर नवी प्रणाली धरून टीडीएस कापला असेल, तरी व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. फॉर्म १६ मध्ये ८०डी चा आकडा नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही. अट एकच: रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. मुदत उलटली की जुनी प्रणाली निवडण्याचा पर्यायच बंद होतो आणि तिच्याबरोबर ८०डी सुद्धा. दुकानदार, डॉक्टर, वकील अशा व्यवसाय करणाऱ्यांना त्यासाठी वेगळा फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, तोही मुदतीच्या आतच.

आता जुन्या प्रणालीत उरलेल्यांसाठी. ८०डी कलम आलं १९८६ च्या वित्त कायद्याने. त्याच वर्षी सरकारी साधारण विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी बाजारात आणली, आणि ते नाव इतकं रुळलं की आज कोणत्याही खासगी कंपनीच्या आरोग्य विम्याला आपण मेडिक्लेमच म्हणतो. आजच्या मर्यादा अशा: स्वतः, नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली मुलं यांच्यासाठी मिळून २५ हजार, आईवडिलांसाठी वेगळे २५ हजार, आणि ज्या गटात साठी गाठलेला माणूस आहे त्या गटाची मर्यादा ५० हजार. यातला २५ हजारांचा आकडा २०१५ चा आहे, ज्येष्ठांचा ५० हजारांचा २०१८ चा. तेव्हापासून हप्ते कुठल्या कुठे गेले, मर्यादा जागच्या जागी. चौघांच्या कुटुंबाचा बऱ्यापैकी विमा २५ हजारांत बसवणं आता शहरात अवघड झालं आहे. सरकारने हे कलम जणू विसरून टाकलं आहे, असं म्हटलं तर ते फारसं चुकीचं होणार नाही.

विमा कोणाचा, हा पहिला प्रश्न घरात सगळ्यात जास्त घोळ घालतो. कायद्यातलं कुटुंब आपल्या घरातल्या कुटुंबासारखं नसतं. त्यात भाऊ-बहीण नाहीत, आजी-आजोबा नाहीत आणि सासू-सासरेही नाहीत. नोकरी करणारी सून सासू-सासऱ्यांचा ४० हजारांचा हप्ता आपल्या खात्यातून भरते, सर्टिफिकेटवर तिचंच नाव येतं, ठळक रक्कमही दिसते, आणि रिटर्नमध्ये त्यातला एक रुपयाही चालत नाही. तोच हप्ता नवऱ्याच्या खात्यातून गेला असता तर त्याला आईवडिलांच्या गटात पूर्ण रक्कम मिळाली असती. जावयाने सासऱ्यांचा विमा उतरवला तरी हेच. दोघंही कमावते असतील तर कोणी कोणाच्या आईवडिलांचा हप्ता भरायचा, हे मार्चच्या आधी ठरवायला हवं. जुलैत ते दुरुस्त होत नाही.

मुलांच्या बाबतीत ‘अवलंबून’ हा शब्द आहे, आईवडिलांच्या बाबतीत नाही. वडिलांना भरघोस पेन्शन असली तरी त्यांचा हप्ता तुम्ही भरला तर वजावट तुमची. उलट मुलगी नोकरीला लागली, स्वतः कमावू लागली, तर तुमच्या फॅमिली फ्लोटरमध्ये तिचं नाव असलं तरी तिच्या वाट्याचा हप्ता तुमच्या हिशेबात धरता येत नाही. फ्लोटरची खरी अडचण इथेच आहे. एकाच पॉलिसीत नवरा, बायको, दोन मुलं आणि वडील असतील तर हप्ता एकच, सर्टिफिकेटवर रक्कमही एकच, पण रिटर्नमध्ये वडिलांचा गट वेगळा. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे माणसागणिक हप्त्याची विभागणी लेखी मागा. काही कंपन्या ती सर्टिफिकेटवरच देतात. स्वतःच्या अंदाजाने निम्मं-निम्मं करू नका. फ्लोटरमध्ये साठीच्या माणसाचा हप्त्यावरचा भार बाकी सगळ्यांपेक्षा जास्त असतो, आणि तो भार तुमच्याच फायद्याचा आहे, कारण त्याच गटाची मर्यादा मोठी आहे.

साठीबद्दल दोन बारकावे. आर्थिक वर्षात केव्हाही साठ पूर्ण झाली तरी चालतं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली तरी. आणि कायद्याच्या लेखी ज्येष्ठ नागरिक म्हणजे भारताचा निवासी असलेली व्यक्ती. आईवडील न्यू जर्सीत मुलीकडे इतका काळ राहिले की त्या वर्षापुरते अनिवासी ठरले, तर पुण्यातल्या मुलाला त्यांच्यासाठी ५० नव्हे, २५ हजारांचीच मर्यादा.

पैसे कोणी दिले आणि कसे दिले, हा दुसरा प्रश्न. हप्ता रोखीने दिलेला चालत नाही. चेक, कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग, काहीही चालेल. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीसाठी, ज्याला लॅबवाले ‘फुल बॉडी चेकअप’ म्हणतात. तिचे जास्तीत जास्त पाच हजार, तेही वरच्या मर्यादेच्या आतलेच. गावाकडे आणि जुन्या वस्त्यांमध्ये अजूनही एक पद्धत दिसते. विमा एजंट घरी येतो, आजोबा त्याच्या हातात नोटा ठेवतात, तो आपल्या फोनवरून हप्ता भरून पावती व्हॉट्सॲपवर पाठवतो. विमा चालू राहतो, सर्टिफिकेटही येतं, पण आजोबांच्या पासबुकात त्या पैशांची नोंद नसते. विभागाने उद्या पुरावा मागितला तर दाखवायला काहीच नाही. एजंट कितीही घरचा माणूस असला तरी हप्ता आपल्याच खात्यातून जाऊ द्या.

दोन भावांनी आईचा हप्ता वाटून भरला तर ज्याने जेवढा भरला तेवढी वजावट त्याची. पण ‘भरला’ याचा अर्थ त्याच्या खात्यातून पैसे गेले. धाकट्याने पूर्ण रक्कम भरली आणि थोरल्याने त्याला अर्धे पैसे नंतर गुगल पेवर पाठवले, तर ते सिद्ध करत बसायची पाळी येते. सर्टिफिकेट निघतं ते पॉलिसी घेणाऱ्याच्या नावाने, पैसे भरणाऱ्याच्या नावाने नव्हे. वडिलांच्या नावाच्या पॉलिसीचे पैसे तुम्ही भरत असाल तर सर्टिफिकेटबरोबर तुमच्या बँक स्टेटमेंटचं ते पानही जपून ठेवा, आणि पुढच्या नूतनीकरणाला तुमच्याच खात्याचा ऑटो-डेबिट लावून टाका.

ऑफिसच्या समूह विम्याचा हप्ता ऑफिस भरतं, त्यावर तुम्हाला वजावट नाही. तो तुमच्या पगारात मोजलाही जात नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण त्याच पॉलिसीत आईवडिलांना जोडण्यासाठी किंवा टॉप-अपसाठी पगारातून रक्कम कापली जात असेल, तर ती तुम्ही भरलेली रक्कम. पगाराच्या स्लिपवर ती वेगळ्या ओळीत असते, पण तिचं सर्टिफिकेट कंपनी आपणहून पाठवत नाही. एचआरकडून पत्र मागून घ्या. जानेवारीत ऑफिसला वजावटींचा तपशील देणारा फॉर्म १२बीबी देताना ती राहून गेली असेल, तरी थेट रिटर्नमध्ये दाखवता येते.

किती वर्षांचे पैसे दिले, हा तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. सूट मिळते म्हणून लोक दोन-तीन वर्षांचा हप्ता एकरकमी भरतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका वर्षात घेता येत नाही, विभागून घ्यावी लागते. विभागायची कशी, इथे खरी गंमत आहे. समजा, डिसेंबर २०२५ मध्ये दोन वर्षांसाठी ४२ हजार भरले. सर्टिफिकेटवर कधी पूर्ण ४२ हजार दिसतात, कधी दोनने भागून २१ हजार. कायद्याचा मजकूर मात्र पॉलिसीची वर्षं मोजत नाही. ज्या आर्थिक वर्षात पैसे भरले ते, आणि त्यानंतर ज्या ज्या आर्थिक वर्षांत विमा चालू आहे ती, अशी आर्थिक वर्षं तो मोजतो. डिसेंबर २०२५ ते डिसेंबर २०२७ हा काळ तीन आर्थिक वर्षांना शिवतो. म्हणजे भागाकार तीनने, दरवर्षी १४ हजार. एकूण रक्कम बुडत नाही, फक्त पसरते. तिसऱ्या वर्षी ती विसरू नका एवढंच. त्या वर्षी हाताशी ताजी पावती नसते, म्हणून लोक हमखास विसरतात.

जीएसटीचा हिशेब अगदी थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. त्याआधी हप्ता भरला असेल तर विमा चालू ठेवण्यासाठी दिलेली रक्कम म्हणून करासकट आकडा धरावा.

आता ८०डी चा तो भाग, जो खूप घरांना लागू पडतो आणि फार थोडे वापरतात. साठीच्या पुढच्या ज्या माणसाचा विमाच नाही, त्याच्या औषधपाण्याचा खर्च ५० हजारांपर्यंत वजावटीत घेता येतो. मधुमेह, रक्तदाब, एखादी अँजिओप्लास्टी झालेल्या सत्तरीच्या माणसाला विमा कंपनी एकतर नाही म्हणते, नाहीतर डोळे पांढरे होतील असा हप्ता सांगते. अशा वडिलांची महिन्याची औषधं साडेतीन हजारांची असतील तर वर्षाचे ४२ हजार झाले. डॉक्टरांची फी आणि रक्ताच्या तपासण्या धरल्या की मर्यादा सहज गाठली जाते. अट पुन्हा तीच, पैसे रोख नकोत. नाक्यावरच्या मेडिकलमधून महिन्याची औषधं घेताना यूपीआयने पैसे द्या आणि वडिलांचं नाव घातलेलं छापील बिल मागा. नुसत्या चिठ्ठीवर आकडा लिहून देणाऱ्या दुकानदाराला बिल मागितलं की कपाळावर आठ्या पडतात, पडू द्या. आईचा विमा असेल आणि वडिलांचा नसेल, तर आईचा हप्ता आणि वडिलांचा औषधखर्च दोन्ही घेता येतात, पण दोन्ही मिळून मर्यादा ५० हजारच.

रिटर्नमधल्या ८०डी च्या तक्त्यात आधी प्रश्न येतो: तुम्ही किंवा आईवडील सोडून कुटुंबातलं कोणी ज्येष्ठ नागरिक आहे का? उत्तरं तीन आहेत: हो, नाही, आणि स्वतःसाठी वा कुटुंबासाठी दावा करत नाही. स्वतःला ऑफिसचा विमा आहे आणि फक्त आईवडिलांचा हप्ता भरलाय, अशा माणसाने तिसरं उत्तर निवडायचं. तो घाईत ‘नाही’ निवडतो आणि खाली उघडलेल्या पहिल्याच रकान्यात आईवडिलांचा हप्ता टाकतो. परिणाम असा की ४६ हजारांचा हप्ता २५ हजारांवर कापला जातो आणि आईवडिलांचा ५० हजारांचा गट रिकामा राहतो. तो गट त्याच तक्त्यात खाली, दुसऱ्या प्रश्नापाशी उघडतो. २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नपासून या तक्त्यात विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांकही लिहावा लागतो. पॉलिसी क्रमांक नूतनीकरणानंतर बदललेला असू शकतो, म्हणून तो चालू सर्टिफिकेटवरूनच उतरवा.

हे रकाने वाढले त्यामागे कारण आहे. रिटर्नला कोणताही कागद जोडावा लागत नाही, याचा फायदा घेऊन ‘रिफंड वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला होता. नसलेल्या पॉलिसीचा हप्ता, नसलेल्या देणग्या, नसलेलं घरभाडं, आणि मिळालेल्या रिफंडात कमिशन. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. विभागाने जी कलमं नावानिशी सांगितली त्यांत ८०डी होतं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे दावे मागे घेतले होते. चुकीची माहिती देऊन कर वाचवला असं ठरलं तर त्या कराच्या २०० टक्के दंड आहे, आणि तो तुमच्याकडून वसूल होतो, कमिशन घेणाऱ्याकडून नव्हे.

२५ हजारांच्या वजावटीने प्रत्यक्ष वाचतं किती? उपकर धरून, पाच टक्क्यांच्या टप्प्यात १,३०० रुपये, वीस टक्क्यांच्या टप्प्यात ५,२००, तीस टक्क्यांच्या टप्प्यात ७,८००. मार्च महिन्यात ‘टॅक्स वाचवा’ म्हणत पॉलिसी विकणारा हे आकडे सांगत नाही. आरोग्य विमा दवाखान्याच्या बिलासाठी घ्यावा, आणि नव्या प्रणालीत गेल्यावर वजावट नाही म्हणून तो बंद करण्याचा वेडेपणा करू नये.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ या वर्षाचं रिटर्न मात्र १९६१ च्या जुन्या कायद्याखालीच भरायचं आहे, त्यामुळे या वर्षी ८०डी हेच नाव चालेल.

शेवटचं काम सबमिटचं बटण दाबल्यानंतरचं. सर्टिफिकेट, बँक स्टेटमेंटचं पान, औषधांची बिलं आणि एचआरचं पत्र त्या वर्षाच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि पाच-सहा वर्षं हलवू नका. आणि रिटर्नचं ई-व्हेरिफिकेशन ३० दिवसांच्या आत करा. आधार ओटीपीने ते दोन मिनिटांत होतं. ३० दिवस उलटल्यावर ते केलं, तर रिटर्न भरल्याची तारीख म्हणून व्हेरिफिकेशनची तारीख धरली जाते. म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी वेळेत भरलेलं रिटर्न दीड महिन्याने व्हेरिफाय केलं की ते उशिरा भरलेलं ठरतं, जुनी प्रणाली हातची जाते, आणि वर्षभर सांभाळलेला मेडिक्लेमचा कागद त्या वर्षापुरता बिनकामाचा होतो.